पशुवैद्याचा फोनवरून सल्ला: प्रश्न चुकला तर निदानही चुकते

जबलपूर : गोहलपूर ही जबलपूर शहरातील दाट वस्ती. १९४८ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय याच शहरात आहे; २००९ पासून नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठही येथेच आहे. तरीही नुकतीच व्यालेली म्हैस उठेनाशी झाली, तर तिला गल्लीबोळांतून दवाखान्यापर्यंत नेणे जवळजवळ अशक्य असते. अशा वेळी पशुपालकाच्या हाती उरतो तो फोन.

त्यासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. मध्य प्रदेशात मे २०२३ मध्ये ४०६ फिरती पशुवैद्यकीय पथके सुरू झाली. महाराष्ट्रातही हाच क्रमांक चालतो. केंद्राच्या योजनेत सुमारे एक लाख जनावरांमागे एक वाहन असे प्रमाण धरलेले आहे. साहजिकच प्रत्येक फोनमागे वाहन धाडता येत नाही. कोणाकडे आधी जायचे, याचा निर्णय कॉल सेंटरमधील पशुवैद्य संभाषणावरून घेतो. म्हणजे तपासणीची सुरुवात प्रश्नांपासूनच होते.

‘जनावर खात नाही’ या तक्रारीतून काहीच ठरत नाही. ‘ताप आहे का?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते. त्याऐवजी रवंथ केव्हा थांबली, शेण कसे पडते, व्यायला किती दिवस झाले, हे विचारावे लागते. व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत जनावर मान कुशीकडे वळवून बसले असेल आणि कान थंड लागत असतील, तर रक्तातील कॅल्शियम घटल्याचा दाट संशय येतो. या आजाराला दुग्धज्वर म्हणतात. प्रत्यक्षात ज्वर नसतोच, उलट अंग थंड पडते. नुसते नाव सांगितले, तर घरचे तापाची गोळी शोधू लागतात. उपचार शिरेतून आणि सावकाश करावा लागतो; घाई झाल्यास हृदय बंद पडू शकते. येथे वाहन पाठवण्याला पर्याय नाही.

भाषेचाही अडसर असतो. जबलपूरकडे ‘अफरा’ आणि ‘थनैला’ म्हणतात, त्याला मराठी पशुपालक पोटफुगी आणि कासदाह किंवा ‘दगडी’ म्हणतो. पुस्तकी संज्ञेपेक्षा समोरच्याचा शब्द उचलणे केव्हाही बरे. शिवाय फोन अनेकदा घरातला पुरुष धरतो, तर धार काढणारी आणि चारा घालणारी असते स्त्री. तिला फोनवर बोलावले, तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

व्हिडिओचा उपयोग मर्यादित, पण नेमका आहे. पोटाची डावी बाजू उजेडात दाखवली तर फुगवटा दिसतो, कुशीच्या हालचालीवरून श्वास मोजता येतो. म्हशीच्या काळ्या कातडीवर फिकटपणा कळत नाही; त्यासाठी पापणी आतून दाखवायला सांगावे लागते.

सर्वांत धोक्याचा प्रसंग लाळ गळण्याचा. जनावर गिळत नाही, घशात काही अडकले असावे, असे समजून मालक तोंडात हात घालतो. हे लक्षण रेबीजचेही असते. म्हणून ‘तोंडात हात घालू नका’ हे पहिले वाक्य, आणि गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कुत्रा चावला होता का, हा पुढचा प्रश्न. आधीच हात घातला गेला असेल, तर जनावराइतकीच माणसाचीही चिंता करावी लागते. हात साबणाने भरपूर धुऊन लगेच रुग्णालय गाठायला सांगावे लागते.

घरी काय दिले, हे विचारताना रागावून चालत नाही. रागावल्यावर लोक लपवतात. मांजरासाठी पॅरासिटामॉल विषासमान आहे. ती गोळी दिल्याचे तासाभरात कळले आणि उद्या कळले, यात जीव वाचण्या-जाण्याचा फरक पडतो.

फोन ठेवताना ‘समजले ना?’ याला काही अर्थ नाही. औषध किती, केव्हा, कसे, हे पशुपालकाकडूनच वदवून घ्यावे. प्रतिजैविक दिले असेल, तर किती दिवस दूध विकायचे नाही, हेही तेव्हाच सांगावे लागते. हे वाक्य बोलायला सर्वांत अवघड, कारण त्यात रोजची कमाई बुडते. घाईत शेवटी उरकले, तर दुसऱ्या दिवशी दूध नेहमीप्रमाणे ग्राहकाच्या घरी पोचलेले असते.