झोपलेल्या संगणकाला हाक

घरात चार माणसे गाढ झोपलेली असतात. बाहेरून कोणी हाक मारली, तर ज्याचे नाव घेतले तोच उठून बसतो. बाकीचे कूस बदलून पुन्हा झोपतात. बंद केलेल्या संगणकालाही अशीच नावाने हाक मारून दुरून उठवता येते. या सोयीला 'वेक-ऑन-लॅन' म्हणतात.

पण हाका मारूनही तो उठला नाही तर?

मागे माझा पाय प्लास्टरमध्ये होता. अलिबागजवळच्या आमच्या घरात मी माडीवर अडकलेला आणि संगणक खाली माजघरात. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांची सारी मोजमापे त्यात होती. परीक्षा तोंडावर आलेली. संगणक दिवसरात्र चालू ठेवणे मला पटत नव्हते. ५० वॅट वीज घेणारा संगणक २४ तासांत १.२ युनिट वीज खातो. म्हणून काम झाले की तो बंद करायचा आणि हवा तेव्हा मोबाइलवरून उठवायचा, असे ठरवले. संध्याकाळी करून पाहिले, संगणक झटकन उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ढिम्म हलेना! रात्री वीज गेली होती, म्हणून मी दोष विजेला दिला.

नववीतली माझी पुतणी खाली जाऊन आली आणि म्हणाली, "काका, केबल लावली आहे ना, तिथला हिरवा दिवा लागलेलाच आहे!"

या दिव्याचा अर्थ काय? संगणक बंद केला, तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत त्याच्या आत ५ व्होल्टचा एक लहानसा पुरवठा जागा असतो. त्यावर नेटवर्क कार्ड 'कान' उघडा ठेवून बसते. दिवा लागलेला असेल, तर पुरवठा, केबल आणि राउटर ही साखळी बहुधा शाबूत आहे. म्हणजे दोष पुढे कुठेतरी होता.

आता हाकेकडे पाहू. १९९५ च्या सुमारास ठरलेल्या या संदेशाला 'मॅजिक पॅकेट' म्हणतात. त्यात जादू काही नाही. आरंभी सर्व बिट १ असलेले ६ बाइट, आणि मग त्या कार्डाचा ६ बाइटांचा मॅक पत्ता लागोपाठ १६ वेळा. एकूण ६ + ९६ = १०२ बाइट. इतर संदेशांत हाच मजकूर योगायोगाने जुळून येण्याची शक्यता जवळजवळ शून्य. म्हणून संगणक भलत्याच हाकेने उठत नाही. माझ्या मोबाइलमधला मॅक पत्ता तर अचूक होता.

मग पुतणीने एक वही घेतली. संगणक बंद करून किती वेळाने हाक मारली आणि तो उठला की नाही, एवढेच ती लिहू लागली. ५ मिनिटे : उठला. १० मिनिटे : उठला. १ तास : नाही. पुन्हा १ तास : नाही.

दोष वेळेशी बांधलेला होता! मी हाक पाठवत होतो ती संगणकाच्या आयपी पत्त्यावर. हा आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा, हे मोबाइल विचारून घेतो आणि काही काळ लक्षात ठेवतो. नोंद ताजी असेपर्यंत हाक पोचते. ती पुसली गेली की मोबाइल पुन्हा विचारतो. पण झोपलेला संगणक सहसा उत्तर देत नाही, आणि हाक वाटेतच राहते.

उपाय सोपा होता. एकाच्या नावे पत्र पाठवण्याऐवजी दवंडी पिटायची! आमच्या घरच्या जाळ्यात १९२.१६८.१.२५५ हा दवंडीचा पत्ता आहे. त्यावर पाठवलेला संदेश सर्वांना ऐकू जातो. ज्याचे नाव असेल तोच उठतो. तेवढा बदल केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक पहिल्याच हाकेला उठला. मात्र दवंडी गावाच्या वेशीपर्यंतच जाते. राउटर ही घराच्या जाळ्याची वेस. म्हणून मुंबईहून थेट पाठवलेली दवंडी सहसा आत येत नाही.

आणि दिवाच लागत नसेल तर? प्रथम केबल व वीज पाहा. मग बायोसमध्ये 'वेक-ऑन-लॅन' चालू आहे का, आणि वीज वाचवणारी 'ई-आर-पी' ही सोय कार्डाचा पुरवठा तोडत नाही ना, ते पाहा. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप'मुळेही काही संगणक उठत नाहीत. वीज जाऊन आल्यावर पुष्कळ संगणकांतले कार्ड बहिरेच राहते. एकदा हाताने चालू करून रीतसर बंद केल्यावरच ते पुन्हा ऐकू लागते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी कोणतीही हाक उपयोगाची नाही. आकाशात विजा कडाडत असतील, तर दुरून उठवण्याची सोय जाईल म्हणून थांबू नका. त्या आधीच प्लग आणि केबल काढून ठेवा.

तुमच्या घरी केबलने जोडलेला संगणक असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून हा प्रयोग करून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद करा. माझा तर्क विजेवर अडून बसला होता. उत्तर मिळाले ते वहीतल्या चार ओळींतून.