गाठीभोवतीचं झायलोकेन

दाढ काढण्याआधी हिरडीत जे इंजेक्शन देतात, त्यात बहुधा लिडोकेन असतं. लोक त्याला झायलोकेन म्हणून ओळखतात. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलेलं हे औषध आज कुठल्याही ओटीच्या ट्रेमध्ये सापडतं. त्यानं कर्करोगाला आळा बसेल, असं कुणी म्हटलं तर भुवया उंचावणारच.

भूल आणि कर्करोग यांचा संबंध शोधण्याचा मोठा प्रयत्न आधी झाला होता. शस्त्रक्रियेचा ताण, भुलेचे वायू आणि अफूजन्य वेदनाशामकं प्रतिकारशक्ती दडपतात, निसटलेल्या पेशींचं त्यामुळे फावतं, अशी शंका होती. म्हणून डॅनियल सेस्लर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत दोन पद्धती ताडून पाहिल्या. एका गटाला मणक्याशेजारी नस बधिर करून प्रोपोफॉल. दुसऱ्याला सेव्होफ्लुरेन वायू आणि अफूजन्य औषधं. आठ देश, २,१०८ स्त्रिया. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: कर्करोग दोन्ही गटांत सुमारे दहा टक्के स्त्रियांमध्ये उलटला. फरक शून्य.

टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाचा रोख वेगळा होता. सोडियमच्या ज्या वाहिन्या बंद करून लिडोकेन नस बधिर करतं, तशा कर्करोगाच्या पेशींवरही आढळतात आणि पेशींच्या हालचालीला हातभार लावतात. मग औषध गाठीपाशीच का देऊ नये? पूर्ण भूल दिल्यावर ०.५ टक्के लिडोकेन गाठीच्या सर्व बाजूंनी टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं, मग सुरी लावायची. (ओटीची लांबलचक यादी समोर असताना सर्जनला ही सात मिनिटं जड जात असणार!)

देशातल्या ११ केंद्रांवरच्या सुमारे १,६०० स्त्रियांचे आकडे २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी'त छापून आले. पाच वर्षं रोगमुक्त राहण्याचं प्रमाण इंजेक्शनाविना ८२.६ टक्के, इंजेक्शनानं ८६.६. हयात राहण्याचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ वर गेलं. खर्च माणशी शंभर रुपयांच्या आत.

आक्षेपही खणखणीत आहेत. तुलनेच्या गटाला नुसतं सलाइनही टोचलं नव्हतं, आणि कुणाला औषध मिळालं हे सर्जनला ठाऊक होतं. रोग उलटला का, हे ठरवताना अशा माहितीचा परिणाम होऊ शकतो. मृत्यूच्या नोंदीत त्याला फारसा वाव नसतो, म्हणून मला दुसरा आकडा जास्त वजनदार वाटतो. तरी हाच प्रयोग दुसऱ्या कुणी, दुसरीकडे करायला हवा. पेटंट कधीच संपलेल्या औषधासाठी त्याचा पैसा कंपन्या देणार नाहीत. तो सार्वजनिक निधीतूनच यावा लागेल.

शिवाय या प्रयोगात फक्त थेट शस्त्रक्रिया शक्य असलेल्या स्त्रिया होत्या. आपल्याकडे गाठ वाढल्यावर दवाखाना गाठणाऱ्या कितीतरी जणींना आधी केमो द्यावी लागते. त्यांच्याबद्दल हे आकडे काहीच सांगत नाहीत.