रस्ता आणि रान (भाग ४) : दीड गुंठ्याचा हिशेब

रस्त्याच्या कडेनं फक्कीची पांढरी रेघ पडली की गावाला बरं वाटतं. उसाची ट्रॉली आता चिखलात रुतणार नाही, एसटी आतपर्यंत येईल, अडलेल्या बाईला न्यायला गाडी दारात उभी राहील. हा आनंद खरा आहे. पण ती रेघ ज्याच्या बांधाच्या आतून गेली, त्याच्या घरात त्या संध्याकाळी फारसं कुणी बोलत नाही. बोललं तर ‘गावाच्या कामात आडवा आला’ हा शिक्का बसतो, आणि गावात राहायचं असलेल्या माणसाला तो परवडत नाही.

मागच्या भागात आपण रस्त्यांची उतरंड पाहिली. ग्रामीण मार्ग, इतर जिल्हा मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, राज्य मार्ग आणि शेवटी राष्ट्रीय महामार्ग. आपल्या शेतालगतचा रस्ता यांतल्या कुठल्या पायरीवर आहे, यावर रानाची किंमत ठरते. कशी, ते एका हिशेबातून पाहू.

कोल्हापूर जिल्ह्यातलं कुठलंही एक बागायत रान डोळ्यांपुढे आणा. रस्त्याला लागून त्याची बाजू साठ मीटर आहे. रुंदीकरणात अडीच मीटरची पट्टी गेली. म्हणजे १५० चौरस मीटर, जवळजवळ दीड गुंठा. गुंठ्याचा बाजारभाव ५० हजार रुपये धरू. हा दर केवळ हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतला आहे. तर त्या पट्टीची किंमत झाली ७५ हजार.

आता हे रान २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली रीतसर संपादित झालं, तर काय होतं? बाजारमूल्य ठरवताना रेडी रेकनरचा दर आणि आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी, यांतला जो आकडा जास्त तो धरायचा. ग्रामीण भागात त्याला गुणांक लावायचा. महाराष्ट्रानं तो दोन ठेवला. म्हणजे दीड लाख. त्यावर तेवढीच दिलासा रक्कम. एकूण तीन लाख. लोक ज्याला ‘चौपट’ म्हणतात तो हाच हिशेब. विहीर, झाडं, गोठा, पाइपलाइन यांचं मूल्यांकन वेगळं, आणि अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताबा घेईपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवर, बाजारमूल्यावर वर्षाला बारा टक्के तेही वेगळे.

हेच रान राष्ट्रीय महामार्गात गेलं तर? २०२१ मध्ये राज्य शासनानं राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनासाठी गुणांक दोनावरून एकावर आणला. मग ७५ हजार अधिक ७५ हजार, म्हणजे दीड लाख. ‘चौपट’चं ‘दुप्पट’ झालं. त्याचा चटका आपल्याच जिल्ह्यानं सोसला. रत्नागिरी-नागपूर महामार्गासाठी इतर ठिकाणी जमिनी चौपटीनं गेल्या, आणि चोकाक ते अंकली या पट्ट्यातल्या हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतल्या शेतकऱ्यांपुढे दुपटीचा आकडा ठेवला गेला. एकच महामार्ग, तीच काळी जमीन, तोच ऊस. शेतकरी चौपटीसाठी रस्त्यावर उतरले, मोजणी अडवून धरली. त्यांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांनी एकदा हा दीड लाख आणि तीन लाखांतला फरक स्वतःच्या सातबाऱ्यावर मांडून पाहावा.

आणि तेच रान गावच्या रस्त्यात, म्हणजे ग्रामीण मार्गात किंवा इतर जिल्हा मार्गात गेलं तर? बहुतेक वेळा शून्य. निवाडा नाही, नोटीस नाही, रक्कम नाही. एक संमतीपत्र असतं, आणि कित्येकदा तेही नसतं.

या शून्याबद्दल मला आज लिहायचं आहे. शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध कोल्हापुरात मोर्चे निघाले, त्याच्या बातम्या राज्यभर झाल्या. गावच्या रस्त्यात गेलेल्या दीड गुंठ्याची बातमी कुठेच होत नाही, कारण ती एका घराची असते आणि त्या घरानंच ती गिळलेली असते.

हे शून्य आलं कुठून? प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. तिच्या निधीतून खडी येते, डांबर येतं, मोऱ्या येतात. जमिनीसाठी पैसा नाही. जमीन मिळवून देणं ही राज्याची जबाबदारी. राज्यानं स्वतःच्या खर्चानं संपादन करायला योजनेची मनाई नाही, पण तो खर्च कुणी धरत नाही. २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आली. ग्रामीण रस्त्यांच्या सुधारणेसाठी आशियाई विकास बँकेनं २०१९ मध्ये २० कोटी डॉलर आणि २०२१ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर कर्ज दिलं. राज्यातल्या ३४ जिल्ह्यांसाठी ते होतं, आपला जिल्हा त्यात आलाच. या सगळ्या योजनांचा पाया एकच: रस्ता आहे त्याच वाटेवर सुधारायचा, शक्यतो नवी जागा घ्यायची नाही, आणि थोडी लागलीच तर लोक आपणहून देतील.

लोक देतातही. मी हे नाकारत नाही. पक्का रस्ता झाला की उरलेल्या रानाचा भाव वाढतो, तोडणी झालेला ऊस वाळत पडत नाही, दुधाची गाडी वेळेवर येते. पाच एकरवाल्यानं दीड गुंठा सोडला तर त्याच्या जमिनीतला शंभरावा हिस्साही जात नाही. पण दहा गुंठेवाल्याचे दीड गुंठे म्हणजे पंधरा टक्के रान. त्या दीड गुंठ्यात वर्षाला दीडेक टन ऊस धरा. २०२४-२५ च्या हंगामात एफआरपीचा मूळ दर टनाला ३,४०० रुपये होता. पाचेक हजारांचं पीक दरवर्षी गेलं, आणि ते त्याच्या मुलाच्या काळातही जात राहणार. दोघांकडून सारखीच पट्टी घेतली, म्हणून दोघांनी सारखंच दिलं असं होत नाही.

धरणांनी आपल्या जिल्ह्याला पुनर्वसन म्हणजे काय ते शिकवलं. काळम्मावाडी, वारणा. धरणग्रस्तांच्या लढ्यातून राज्यात पुनर्वसनाचे कायदे झाले, १९७६ चा, १९८६ चा आणि मग १९९९ चा. धरणात एक तत्त्व स्पष्ट होतं: ज्यांच्या रानाला पाणी मिळणार त्या लाभक्षेत्रातून जमीन काढून ज्यांचं रान बुडणार त्यांना द्यायची. अंमलबजावणीत वर्षानुवर्षं हाल झाले, तरी तत्त्व होतं. रस्त्याला असं लाभक्षेत्रच ठरवलेलं नाही. लाभ सगळ्या गावाचा आणि किंमत कडेच्या पाच-पंचवीस गटांची. त्यात धरणात गाव एकत्र उठतं, म्हणून एकत्र भांडतं. रस्त्यात प्रत्येकाची पट्टी वेगळी, त्यामुळे प्रत्येकजण एकटा.

मग एके दिवशी कुणीतरी कागद घेऊन दारात येतं. “काका, सही करा, गावाचं काम आहे.” त्या कागदावर किती क्षेत्र जाणार हे बहुधा लिहिलेलं नसतं, कारण मोजणी झालेली नसते. खातं सामाईक असतं, सही थोरल्या भावाची होते. धाकट्याला विचारलेलं नसतं, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागलेल्या बहिणींना तर कळवतही नाहीत. किती दिलं हेच ठाऊक नसताना दिलेली संमती मी संमती मानत नाही.

तोंडी संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयानंही ८ जानेवारी २०२० ला स्पष्ट सांगितलं आहे. खटला हिमाचल प्रदेशातल्या हमीरपूर जिल्ह्यातला. एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली, संपादनाची कुठलीही प्रक्रिया न करता. तिला आपला हक्क कळायला चाळीस वर्षं गेली. निकाल लागला तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती. सरकारचं म्हणणं होतं की तिनं तोंडी संमती दिली होती, आणि आता फार उशीर झाला आहे. न्यायालयानं दोन्ही मुद्दे फेटाळले. घटनेच्या अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, असं बजावून रीतसर संपादन झालं असं समजून भरपाई द्यायला लावली. २०२२ मध्ये हिमाचलच्याच दुसऱ्या एका रस्त्याच्या खटल्यात न्यायालय पुन्हा तेच बोललं. पहिला रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग होता, पण जमीन घेण्याची रीत आपल्याकडच्या गावरस्त्यांसारखीच होती.

पैशाइतकाच गुंता कागदाचा आहे. पट्टी रस्त्यात जाते, सातबाऱ्यावरचं क्षेत्र मात्र तेवढंच राहतं. कमी-जास्त पत्रक होत नाही, फेरफार होत नाही. पंधरा वर्षांनी भावांची वाटणी निघते, मोजणीदार येतो, आणि रान दीड गुंठा कमी भरतं. मग बांध कोरल्याचा आळ शेजाऱ्यावर येतो. रस्त्यात गेलेल्या जमिनीचं भांडण दोन शेतकऱ्यांत लागतं आणि दिवाणी कोर्टात पिढी जाते.

काही नुकसान जमिनीच्या मापात येतच नाही. रस्ता उंच झाला की बैलगाडी, ट्रॅक्टर रानात उतरवायला उतार लागतो. तो कंत्राटात नसेल तर शेतकऱ्यानं स्वतः मुरूम टाकायचा. पाणीपुरवठा संस्थेची पाइपलाइन रस्त्याखालून गेलेली असते. काम चालू असतानाच तिथे मोठ्या व्यासाचा पाइप गाडून घेतला नाही, तर पुढे एक गळती काढायला पक्का रस्ता फोडायची परवानगी मागत फिरावं लागतं. मोरी चुकीच्या जागी पडली की पावसाळाभर एकाच्या उसात पाणी तुंबतं. रीतसर संपादन असेल तर २०१३ च्या कायद्याचं कलम २८ अशा नुकसानीची दखल घेतं: उभं पीक, तुटक पडलेला तुकडा, उरलेल्या मिळकतीला पोचलेली इजा, राहतं घर हलवण्याचा खर्च. संमतीपत्रावर यातलं काहीच नसतं.

आणि ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांचं काय? फाट्यावरची चहाची टपरी, पंक्चरवाला, चांभाराचं खोपटं, रसवंती. कायद्यात ‘बाधित कुटुंब’ या शब्दात भूमिहीनही येतात. तीन वर्षं त्या भागात राबून पोट भरणारा शेतमजूर, कूळ, कारागीर यांची त्यात नावानिशी गणना आहे. दुसऱ्या अनुसूचीत गोठा किंवा छोटं दुकान गेलं तर किमान २५ हजार रुपये एकरकमी सांगितले आहेत. आशियाई विकास बँकेचं २००९ चं धोरण तर म्हणतं की जागेचा हक्क नसला तरी त्यावर उभारलेल्या बांधकामाची भरपाई द्यावी. पण फाट्यावरच्या टपरीला आपल्याकडे एकच शब्द आहे, अतिक्रमण. २०१४ चा पथविक्रेता कायदाही शहरांपुरताच. टपरी चार हात मागे सरकवून द्यायला आणि आठ दिवसांचा बुडालेला धंदा भरून द्यायला रस्त्याच्या अंदाजपत्रकात किती भर पडेल? एका मोरीच्या खर्चाइतकीही नाही.

ग्रामसडक योजनेत एक चांगली पद्धत घालून दिलेली आहे. आराखडा पक्का करण्याआधी अभियंता, तलाठी, सरपंच यांनी गावकऱ्यांना घेऊन सगळा रस्ता पायी चालायचा. कुणाचं झाड वाचवता येतं, कुठे वळण दुसऱ्या बाजूनं घेता येतं, कुणाच्या घराचा कट्टा जातो, हे जागेवर बघून लिहायचं आणि ग्रामसभेपुढे ठेवायचं. ही फेरी मनापासून झाली तर अर्धी भांडणं तिथेच मिटतात, कारण अडीच मीटरची पट्टी एकाच बाजूनं घेण्याऐवजी दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा घेता येते. बऱ्याचदा ती फेरी कागदावर चालून होते. मोबदल्याचं म्हणाल तर माझी मागणी साधी आहे: गावरस्त्याच्या प्रत्येक अंदाजपत्रकात मोजणीचा खर्च आणि वीस गुंठ्यांच्या आतल्या खातेदारांसाठी मोबदल्याची तरतूद असलीच पाहिजे. ज्या राज्याला खडीसाठी परदेशातून कर्ज काढता येतं, त्याला दहा गुंठेवाल्याकडून जमीन दान मागायचा हक्क नाही.

तोवर, तुमच्या बांधाच्या आत फक्की पडली असेल तर एवढं करा. सही करण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी झाली आहे का, ते लेखी विचारा. संमतीपत्रावर गट नंबर आणि चौरस मीटर लिहून घ्या. सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांना, बहिणींनाही, बोलवा. झाड, पाइपलाइन, पायरी, गोठा यांचे तारखेसह फोटो काढा. उतार आणि रस्त्याखालचा पाइप हवा असेल तर त्याच कागदावर मांडा, आणि पोच घेतलेली एक प्रत घरात ठेवा. द्यायचंच असेल तर जरूर द्या, पण मोजून द्या, आणि दिलेल्याची नोंद सातबाऱ्यावर झाली की नाही ते तलाठ्याकडे जाऊन पाहा. रस्त्याचे भराव आणि पंचगंगेच्या पुराचं पाणी याबद्दल पुढच्या आठवड्यात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तुमच्या रानात रस्त्यामुळे पाणी तुंबलं असेल, तर किती दिवस तुंबलं ते मला जरूर कळवा.