गाळाची जबानी

मुठा खडकवासल्याहून निघते आणि विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल, लकडी पूल, ओंकारेश्वर अशी वाट काढत संगमावर मुळेला मिळते. पुढे मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीत, आणि उजनीच्या खाली पंढरपूर. पुणे नदीत जे सोडते ते या वाटेने जाते. पाण्याचा रंग आणि वास सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर लेख येतात, मोर्चे निघतात. पण पाणी वाहून जाते आणि गाळ मागे राहतो. शहराने वर्षानुवर्षे काय सोडले त्याचा हिशेब त्या गाळात साठत जातो. तो हिशेब वाचणारी विद्या गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभी राहिली आहे, आणि तिची नीट ओळख मराठी वाचकाला व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

२०१७ साली ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात मुठेच्या गाळावर एक शोधनिबंध आला. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संशोधन केंद्रात आधी काम केलेले आणि मग स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात गेलेले नचिकेत मराठे, तिथले जोआकिम लार्सन आणि त्यांचे सहकारी यांचे हे काम. नदी पुण्यात शिरण्याआधीचा, शहरातला आणि शहराच्या खालचा असा गाळ घेऊन त्यांनी त्यातल्या डीएनएचे थेट वाचन केले. जिवाणूंना प्रतिजैविकांपासून वाचवणाऱ्या, म्हणजे प्रतिरोधक, जनुकांचे प्रमाण शहरातल्या गाळात वरच्या बाजूपेक्षा सुमारे ३० पट निघाले. त्यांत एनडीएम, केपीसी, व्हीआयएम, ओएक्सए-४८ या गटांतली जनुके होती. ही जनुके कार्बापेनेम औषधांची मोडतोड करणारे एन्झाइम बनवतात. अतिदक्षता विभागात बाकीची प्रतिजैविके चालेनाशी झाली की डॉक्टर ज्या मोजक्या औषधांकडे वळतात, त्यांत कार्बापेनेम येतात. म्हणजे रुग्णालयातल्या शेवटच्या उपायाला निकामी करणारी सामग्री पुलाखालच्या चिखलात पडून होती.

हे कळले कसे? जिवाणू ओळखण्याची जुनी रीत म्हणजे काचेच्या बशीत अगार ओतायचे, त्यावर नमुना पसरायचा आणि वाढलेल्या वसाहती तपासायच्या. ती रीत आजही लागते, त्याबद्दल पुढे येईलच. पण मातीत, गाळात, समुद्रात जे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, त्यांतले फार थोडे बशीत वाढतात. बाकीचे आपल्या अगारावर जगतच नाहीत. १९७७ मध्ये कार्ल वूस यांनी रायबोसोममधल्या १६-एस आरएनएच्या तुलनेवरून जीवसृष्टीच्या शाखा नव्याने मांडल्या, आणि सूक्ष्मजीवाची ओळख त्याच्या अक्षरक्रमावरून पटू शकते हे पक्के झाले. १९८०च्या दशकात नॉर्मन पेस यांनी पुढचे पाऊल टाकले. जिवाणू वाढवत बसायचेच नाही, नमुन्यातूनच थेट ही जनुके काढून वाचायची. सगळ्या जिवांचा एकत्र जनुकसंच एका दमात अभ्यासण्याला १९९८ मध्ये जो हँडल्समन यांनी मेटाजिनोम हे नाव दिले.

प्रयोगशाळेतला भाग थोडक्यात सांगतो. गाळाचा छोटा नमुना बारीक मण्यांसोबत नळीत घालून जोरात हलवतात, पेशी फुटतात, डीएनए बाहेर येतो. गाळातली ह्यूमिक आम्ले डीएनएला चिकटून येतात आणि पुढच्या रासायनिक क्रिया बिघडवतात, म्हणून धुण्याचे काम चिकाटीने करावे लागते. सोबत एक कोरी नळीही चालवतात, जिच्यात नमुनाच नसतो. डीएनए काढण्याच्या किटमधल्या रसायनांतही जिवाणूंचा डीएनए असतो आणि तो नदीच्या नावावर खपू शकतो, म्हणून. कोऱ्या नळीशिवाय काढलेल्या निष्कर्षावर जाणता माणूस विश्वास ठेवत नाही.

सिक्वेन्सरमधून, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या यंत्रातून, बाहेर येते ती फाइल मात्र जवळून पाहण्यासारखी असते. प्रत्येक तुकड्याला चार ओळी. पहिल्या ओळीत त्याचा क्रमांक, दुसरीत ए, सी, जी, टी या अक्षरांची शे-दीडशेची माळ, तिसरीत नुसते अधिकचे चिन्ह, आणि चौथीत वरवर अर्थहीन वाटणाऱ्या चिन्हांची गर्दी. खरी गोष्ट चौथ्या ओळीत असते. तिथले प्रत्येक चिन्ह वरच्या एकेका अक्षराबद्दल सांगते की यंत्राला ते किती खात्रीने वाचता आले. प्रश्नचिन्ह असेल तर चुकीची शक्यता हजारात एक. इंग्रजी पाच असेल तर शंभरात एक. हॅश असेल तर ते अक्षर जवळपास सोडून द्यावे. माळेच्या शेवटाकडे यंत्र थकत जाते, चिन्हे उतरत जातात, आणि पहिले काम असते ते ही शेपटी छाटण्याचे. अशा कोट्यवधी चौकड्या एका नमुन्यातून निघतात. प्रत्येक अक्षरासोबत त्याच्या संशयाचीही नोंद ठेवणारी ही पद्धत मला या विद्येतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. किती शास्त्रांत, किती कचेऱ्यांत अशी चौथी ओळ असते?

मग सुरू होते जुळवणी. एक तुकडा घ्यायचा आणि जगभर जमा झालेल्या ज्ञात जनुकांशी ताडून पाहायचा. या कामाचे मूळ साधन ब्लास्ट, १९९० मध्ये अमेरिकेत तयार झालेले. दोन अक्षरमाळा शेवटपर्यंत घासून तपासायला फार वेळ लागतो, म्हणून ब्लास्ट आधी छोटे जुळणारे शब्द शोधते आणि तिथूनच दोन्हीकडे तुलना वाढवत नेते. मेटाजिनोमच्या पसाऱ्याला तेही पुरेना, तेव्हा २०१५ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी डायमंड आणले, काही प्रकारच्या शोधांत ब्लास्टच्या हजारो पट वेगवान. प्रतिरोधक जनुकांचे खास कोशही आहेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा कार्ड आणि डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाचा रेसफाइंडर हे त्यांतले जास्त वापरातले. या कोशांतली एकेक नोंद कुणीतरी शोधनिबंध वाचून, पुरावा पाहून, हाताने केलेली असते.

जुळले म्हणजे किती जुळले, हा प्रश्न लगेच येतो. ९० टक्के अक्षरे जुळली तर तेच जनुक म्हणायचे का? ८० टक्के असेल तर? उंबरठा खाली आणला की निरुपद्रवी नातेवाईक जनुकेही गुन्हेगारांच्या यादीत येतात, वर नेला की नवे प्रकार निसटतात. आकडा कोणता धरला हे निबंधाच्या पद्धतीच्या भागात लिहिलेले असते, आणि बातमीत ते कधीच येत नाही. ३० पट म्हणजे कशाच्या ३० पट, तेही पाहायला हवे. नमुन्यात जिवाणू किती आहेत त्या हिशेबात जनुके मोजतात, नाहीतर नुसता गाळ जास्त घेतला म्हणून जनुके जास्त दिसायची.

सर्वांत अवघड प्रश्न असतो हे जनुक कुणाच्या अंगात आहे याचा. त्यासाठी तुकडे एकमेकांना जोडून लांब माळ बांधावी लागते, आणि नेमकी प्रतिरोधक जनुके इथे दगा देतात. वेगवेगळ्या वर्षांची पंचांगे फाडून एकत्र मिसळली तर दर वर्षी जसेच्या तसे छापले जाणारे पान कोणत्या वर्षाचे हे सांगता येत नाही. तसेच एकच जनुक पाच जातींच्या जिवाणूंत आणि दहा प्लास्मिडांवर (जिवाणूंतल्या सुट्या डीएनए-वर्तुळांवर) असेल, तर त्याच्या कडेला नेमके काय होते हे या जोडणीला ठरवता येत नाही आणि माळ तिथेच तुटते.

आता पुण्याहून हैदराबादला जाऊ. शहराबाहेरच्या पाटणचेरूला औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. सुमारे ९० उत्पादकांचे सांडपाणी घेणाऱ्या तिथल्या एका सामाईक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी लार्सन यांच्या गटाने तपासले आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तात असते त्याहूनही हे जास्त. दिवसाला सुमारे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सासिन त्या पाण्यातून जात होते, स्वीडनसारखा ९० लाख वस्तीचा देश पाच दिवसांत वापरतो तेवढे. २०११ मध्ये तिथल्या नदीगाळाचे, २०१४ मध्ये जवळच्या काझीपल्ली तलावाचे डीएनए वाचन प्रसिद्ध झाले. काझीपल्लीत प्रतिरोधक जनुके तुलनेला घेतलेल्या स्वीडिश तलावापेक्षा सुमारे ७,००० पट निघाली.

मुठेतही प्रतिरोधक जनुके, पाटणचेरूतही. पण कारण एकच आहे का? दोन शक्यता असतात. एक, माणसांच्या आतड्यांत ही जनुके आधीच आहेत आणि मैल्यासोबत ती नदीत आली. दोन, नदीत इतके औषध आहे की तिथेच, त्या गाळातच, प्रतिरोधक जिवाणू तगत आणि वाढत आहेत. पहिल्याला उपाय मैलापाण्याचे शुद्धीकरण, दुसऱ्याला उपाय कारखान्याच्या दारात औषध अडवणे. कारण चुकले तर कोट्यवधी रुपये भलतीकडे जातील.

हा गुंता सोडवायला एक विषाणू कामी आला, आणि ती हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१४ मध्ये बास डुटिल्ह, रॉबर्ट एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या माणसांच्या विष्ठेतले, आधीच जमा असलेले डीएनए तुकडे संगणकावर एकत्र जुळवले. त्यातून सुमारे ९७,००० अक्षरांचा एक पूर्ण जनुकसंच समोर आला, जिवाणूंवर जगणाऱ्या एका विषाणूचा. तोवर तो कुणी पाहिला नव्हता, वाढवला नव्हता, आणि तरी असंख्य माणसांच्या पोटात तो होता. ज्या आज्ञावलीने तो सापडला तिच्यावरून त्याचे नाव पडले क्रॅसफाज. त्याच्या कुळातला एक विषाणू प्रत्यक्ष प्रयोगशाळेत वाढवला गेला २०१८ मध्ये, आयर्लंडमधल्या कॉर्कला.

क्रॅसफाज मानवी विष्ठेत विपुल आणि इतरत्र दुर्मीळ, म्हणून मैला किती आला याची तो उत्तम खूण ठरतो. २०१९ मध्ये आंटी कार्कमन, काटारिना पार्नानेन आणि लार्सन यांनी सार्वजनिक साठ्यांतले जगभरचे नमुने घेऊन क्रॅसफाज आणि प्रतिरोधक जनुके यांचे प्रमाण शेजारी ठेवून पाहिले. बहुतेक ठिकाणी दोन्ही सोबत वाढतात. म्हणजे जनुके मुख्यतः मैल्याबरोबर येतात, जागेवर निपजण्याचा वेगळा पुरावा दिसत नाही. ठळक अपवाद निघाला तो औषधनिर्मितीच्या सांडपाण्याने माखलेल्या गाळाचा. तिथे विष्ठेच्या मानाने जनुके कितीतरी जास्त होती. मुठेसारख्या, मुख्यतः शहराचा मैला वाहणाऱ्या नदीला हा धडा लावला तर पहिला उपाय काय असावा यात मला संदिग्धता दिसत नाही.

क्रॅसफाजच्या या अभ्यासासाठी कुणी नदीवर गेले नव्हते. दुसऱ्यांनी, दुसऱ्याच प्रश्नासाठी घेतलेले नमुने साठ्यात होते आणि ते सर्वांना खुले होते, म्हणून हे शक्य झाले. सल-४ची गोष्टही तशीच. सल्फा औषधांना निकामी करणारी तीन फिरती जनुके ठाऊक होती, तिसरे २००३ मध्ये सापडलेले. २०१७ मध्ये गोथेनबर्गच्या गटाला चौथे सापडले, प्रतिजैविकांनी प्रदूषित भारतीय नदीच्या गाळात. मग त्यांनी ती अक्षरमाळ जगभरच्या साठ्यांत शोधली, तर आशिया आणि युरोपातल्या सात देशांच्या नमुन्यांत ती आधीपासून होती. फाइली तिथेच होत्या, पण काय शोधायचे ते ठाऊक नसल्याने कुणाला दिसली नव्हती. ज्या देशातून नमुनेच कमी जमा होतात, तिथला नवा धोका उशिरा ओळखला जाणार, हे उघड आहे. म्हणून आपल्या नद्यांचे वाचन होणे, आणि झाल्यावर ते खुल्या साठ्यात जमा होणे, ही चैन नव्हे.

संगणकाला काय कळत नाही तेही सांगायला हवे. डीएनए जिवंत जिवाणूचा की मेलेल्याचा, हे फाइल सांगत नाही. जनुक आहे म्हणजे ते चालू आहे असेही नाही. तिथे पुन्हा अगारची बशी लागते. एनसीसीएसचे योगेश शौचे यांच्यासोबत मराठे आणि लार्सन यांनी २०१३ मध्ये पाटणचेरूच्या त्या शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू प्रत्यक्ष वाढवून ३९ प्रतिजैविकांवर तपासले. ८६ टक्के जिवाणू वीस किंवा अधिक औषधांना पुरून उरले. असे जिवाणू पुढच्या अभ्यासासाठी जिवंत जपून ठेवणे हेही पुण्यातच चालते, २००९ मध्ये सुरू झालेल्या आणि आज राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संग्रहात. तिथल्या गोठवलेल्या नळ्या आणि सर्व्हरवरच्या फाइली यांना एकमेकांवाचून अर्थ नाही.

धोरण मात्र मागे आहे. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविक किती चालेल याच्या मर्यादा मसुद्यात घातल्या होत्या. २०२१च्या अंतिम अधिसूचनेत त्या उरल्या नाहीत. पुरावा इतका स्पष्ट असताना हे व्हावे याचा मला राग येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविक निर्मितीच्या सांडपाण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा आधार घेऊन तो मसुदा पुन्हा उघडता येईल.

आणि पुण्यात जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून नव्या मैलाशुद्धीकरण केंद्रांचे काम हाती घेतले गेले आहे. त्यांची कामगिरी पाण्यातला सेंद्रिय भार किती उतरला यावर मोजली जाईल, आणि ते योग्यच आहे. पण मुठेच्या गाळाची आधीची नोंद छापलेली आहे. तेच वरचे, मधले आणि खालचे नमुने केंद्रे चालू झाल्यावर दर हिवाळ्यात पुन्हा घेतले, सोबत कोरी नळी ठेवली आणि क्रॅसफाजही मोजला, तर ३० पटीचे किती पट झाले हे पुणेकरांना आणि उजनीच्या काठावरच्यांना सांगता येईल. त्यासाठी लागणारी माणसे, यंत्रे आणि सर्व्हर याच शहरात आहेत.