लेझरचा चटका: किती सोसायचा, कधी थांबवायचं?

वरच्या ओठावरची लव, हनुवटीवरचे राठ केस… सततच्या थ्रेडिंगला कंटाळलेल्या अनेक जणी लेझरचा विचार करतात. मनात पहिला प्रश्न असतो, ‘‘खूप दुखतं का?’’ दुखतं, पण सोसवेल इतकंच. त्याहून जास्त दुखलं तर मात्र गप्प बसायचं नाही. ‘सुंदर दिसायचं तर सोसावंच लागतं’ हे वाक्य इथे महागात पडू शकतं.

चटका का बसतो?

केसांना काळा रंग देणारं मेलॅनिन लेझरचा प्रकाश शोषून घेतं. त्याची उष्णता होते आणि केसाचं मूळ भाजून निघतं. रबरबँड ताणून त्वचेवर सोडावा, तसा तो क्षणभराचा चटका असतो. वरचा ओठ, काख आणि बिकिनी लाइनवर तो जास्त जाणवतो. सुरुवातीला केस दाट असतात, म्हणून पहिली सिटिंग सगळ्यात त्रासाची वाटते. पुढे केस विरळ होतात, तसा त्रासही कमी होतो.

सावळ्या त्वचेची काळजी

मेलॅनिन आपल्या त्वचेतही असतं. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर चुकीचं सेटिंग वापरलं, तर त्वचाही भाजते आणि डाग राहतात. अशा त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर अधिक सुरक्षित मानला जातो. त्याचा चटका थोडा जास्त लागतो, पण डागांचा धोका कमी असतो. म्हणून पैसे भरण्याआधी मशीन कोणतं आहे ते विचारा आणि छोट्या भागावर टेस्ट करून घ्या.

जाण्यापूर्वी

* किमान ४ आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग करू नका. मूळच उपटलं तर लेझर काम कशावर करणार?
* आदल्या दिवशी शेव करा. वर राहिलेले केस जळून त्वचेला चटके बसतात.
* उन्हाने त्वचा रापली असेल तर तारीख पुढे ढकला.
* गर्भवती असाल किंवा कोणतीही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.
* बधिर करणारं क्रीम मनाने लावू नका. मोठ्या भागावर लावून प्लॅस्टिक गुंडाळलं तर औषध रक्तात भिनून जिवावर बेतू शकतं. शिवाय त्वचा पूर्ण बधिर असेल तर भाजल्याचंही कळत नाही.

काय नॉर्मल, काय नाही?

केसांच्या मुळाशी लाली आणि बारीक सूज येणं नॉर्मल आहे. थंड शेक घेतला की बरं वाटतं आणि एक-दोन दिवसांत ती उतरते. पण जळजळ वाढतच गेली, फोड आले किंवा त्वचा राखाडी, काळपट दिसू लागली, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नंतर काही आठवडे ऊन टाळा आणि सनस्क्रीन चुकवू नका.

अपेक्षा किती ठेवायची?

साधारण ६ ते ८ सिटिंग लागतात, कारण लेझरचा परिणाम फक्त वाढीच्या अवस्थेतल्या केसांवर होतो. पांढऱ्या केसांवर तो होत नाही. पीसीओएस असेल तर केस पुन्हा येऊ शकतात, म्हणून त्याचे उपचारही सोबत हवेत.

आणि सिटिंग चालू असताना चटका असह्य झाला, तर बिनधास्त ‘थांबा’ म्हणा. तुम्ही सांगितल्याशिवाय मशीन चालवणाऱ्याला ते कळणार नाही.