कमरेतील भूल आणि सुरक्षित मातृत्व

नवी दिल्लीच्या मुनिरका भागात राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था आहे. दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून ती १९७७ मध्ये अस्तित्वात आली. प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमातील प्रशिक्षणाच्या समन्वयाची जबाबदारी तिच्याकडे सोपविण्यात आली होती. या कार्यक्रमापुढील एक कळीचा प्रश्न भूलतज्ज्ञांच्या तुटवड्याचा होता. अडलेल्या प्रसूतीत शल्यचिकित्सक व शस्त्रक्रियागृह असूनही भूल देणारा डॉक्टर नसेल, तर मातेला दूरच्या रुग्णालयात पाठवावे लागते. या विलंबात मातेचा व अर्भकाचा जीव धोक्यात येतो. म्हणूनच कमरेतून दिल्या जाणाऱ्या भुलेचे शास्त्र समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

वेदना कशी थांबते?

शरीराच्या खालच्या भागातील वेदनेचे संदेश चेतातंतूंतून मज्जारज्जूकडे व तेथून मेंदूकडे जातात. चेतातंतूत सोडियमचे आयन शिरले की विद्युत आवेग पुढे सरकतो. भुलेचे औषध हा प्रवेशमार्ग बंद करते. त्यामुळे जखम होऊनही तिची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचत नाही आणि रुग्ण जागा असूनही त्याला वेदना जाणवत नाही.

प्रौढांमध्ये मज्जारज्जू साधारणतः कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई त्याखाली, बहुधा तिसऱ्या व चौथ्या मणक्यांमध्ये टोचली जाते. त्यामुळे मज्जारज्जूला इजा होण्याची शक्यता अत्यल्प असते.

दोन पद्धती

'स्पायनल' पद्धतीत सुई 'ड्यूरा' हे आवरण भेदून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवापर्यंत नेतात. औषध थेट चेतामुळांना भिडत असल्याने दोन-तीन मिलिलिटर मात्राही पुरते. काही मिनिटांतच कमरेखालचा भाग बधिर होतो आणि परिणाम सुमारे दोन तास टिकतो. जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये कोकेन वापरून ही पद्धत शस्त्रक्रियेसाठी योजली. आज त्यासाठी प्रामुख्याने बुपिव्हाकेन वापरतात.

'एपिड्युरल' पद्धतीत औषध ड्यूराच्या बाहेरच्या पोकळीत सोडतात. ते झिरपत जाऊन चेतामुळांपर्यंत पोहोचते. म्हणून मात्रा अधिक लागते व परिणामास पंधरा-वीस मिनिटे लागतात. मात्र तेथे बारीक नळी ठेवता येत असल्याने औषध पुनःपुन्हा देता येते. सौम्य प्रमाणात दिल्यास वेदना शमते, पण स्नायूंची शक्ती बरीचशी टिकून राहते. प्रसूतिवेदना कमी करण्यासाठी ही पद्धत यामुळेच उपयुक्त ठरते.

लाभ आणि दक्षता

सिझेरियन शस्त्रक्रियेत संपूर्ण बेशुद्धीपेक्षा स्पायनल भूल सामान्यतः पसंत केली जाते. माता शुद्धीवर राहते, श्वासनलिकेत नळी घालावी लागत नाही आणि अर्भकापर्यंत औषध अत्यल्प पोहोचते. तथापि, या भुलेने रक्तवाहिन्या शिथिल होऊन रक्तदाब अचानक घसरू शकतो. त्यासाठी शिरेतून द्रव व रक्तदाब वाढविणारी औषधे देतात, तसेच गर्भाशयाचा दाब मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून मातेला किंचित डाव्या कुशीकडे कलते ठेवतात. काहींना नंतर डोकेदुखी होते. रक्त गोठण्यातील दोष, सुई टोचण्याच्या जागी संसर्ग किंवा अतिरक्तस्राव असल्यास ही पद्धत टाळतात. या भुलेमुळे आयुष्यभराची पाठदुखी जडते, या सर्वदूर पसरलेल्या समजाला मात्र शास्त्रीय आधार नाही.

धोरणात्मक उपाय

थोडक्यात, या भुलेला साधने कमी लागली तरी प्रशिक्षित हात अनिवार्य असतो. रक्तदाब कोसळल्यास किंवा श्वास मंदावल्यास तत्काळ उपचार करणारी व्यक्ती तेथे हवीच. हे ध्यानात घेऊन केंद्र शासनाने एमबीबीएस डॉक्टरांसाठी जीवरक्षक भूलकौशल्यांचे, सुरुवातीस १८ आठवड्यांचे, प्रशिक्षण सुरू केले. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात त्याचा विस्तार झाला. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत सिझेरियन प्रसूतीही विनामूल्य झाली.

नमुना नोंदणी पाहणीनुसार २००१-०३ मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ वर, तर महाराष्ट्रात ३३ वर आले. या घटीमागे संस्थात्मक प्रसूती, रक्तपुरवठा, वाहतूक अशी अनेक कारणे आहेत. परंतु शस्त्रक्रिया मोफत केली तरी भूल देणारा डॉक्टर वेळेवर हजर नसेल, तर मातेचा हक्क कागदावरच राहतो. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत ही उणीव भरून काढणे, हे सुरक्षित मातृत्वाचे अद्याप अपुरे राहिलेले काम आहे.