मेल गेला कुठे?

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. प्रेझेंटेशन तयार, फाइल अटॅच, ‘सेंड’वर क्लिक... हुश्श! लॅपटॉप बंद करून, बॅग खांद्याला अडकवून तुम्ही ६.४२ची फास्ट पकडता. सोमवारी बॉस विचारतो, ‘‘अरे, पाठवणार होतास ना?’’ तुम्ही छातीठोकपणे सांगता, ‘‘सर, शुक्रवारीच पाठवलं!’’ मग आउटलुक उघडता. ‘सेंट आयटम्स’मध्ये काहीच नाही. ‘आउटबॉक्स’समोर मात्र एक छोटासा आकडा तुमच्याकडे बघून हसत असतो - १.

हा सीन ज्याने अनुभवला नाही, त्याने हात वर करावा. माझ्या बाबतीत अटॅचमेंट होती माझाच बायोडेटा, आणि अर्ज पाठवायची शेवटची तारीख होती तोच शुक्रवार. त्या नोकरीचं काय झालं हे विचारू नका. (आणि सध्याच्या बॉसने हा परिच्छेद वाचला नाही असं धरून चालू या!) पण तेव्हापासून ऑफिसात कोणाचं मेलचं गाडं अडलं, की आयटीवाल्याच्या आधी मला हाक येते.

सगळ्यांना मी पहिला प्रश्न एकच विचारते : तोच मेल फोनवर किंवा ब्राउजरमध्ये दिसतोय का? दिसत असेल, तर गडबड तुमच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये. तिथेही नसेल, तर सर्व्हर किंवा अकाउंटचा प्रश्न. प्रोग्रामची कितीही सेटिंग्ज उलटीपालटी केलीत तरी उपयोग शून्य. अर्ध्या मिनिटाची टेस्ट, पण ती न करता लोक थेट अनइन्स्टॉल करायला निघतात. थांबा जरा!

आता तो आउटबॉक्समधला ‘१’. (मेन्यूंची नावं देतेय ती ‘क्लासिक’ आउटलुकची, ‘न्यू’ आउटलुकमध्ये मांडणी वेगळी आहे.) आधी खालच्या पट्टीवर ‘वर्किंग ऑफलाइन’ असं लिहिलंय का बघा. चुकून दाबलेलं ते बटण ‘सेंड/रिसीव्ह’ टॅबमध्ये सापडेल. ते ठीक असेल तर संशयित नंबर दोन : अटॅचमेंटचं वजन. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे हे बहुतेकांना माहीत असतं. पण फाइल मेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते, हे कोणी सांगत नाही. म्हणजे तुमची २० एमबीची फाइल वाटेत २६-२७ची होते आणि अडकते. त्यापेक्षा ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवा.

तिसरं कारण भारीच आहे. आउटबॉक्समध्ये रांगेत उभा असलेला मेल तिरप्या अक्षरात दिसतो. ‘काय लिहिलं होतं बरं आपण?’ म्हणून तुम्ही तो उघडून नुसता बंद केलात, की अक्षरं सरळ होतात आणि मेल जायचाच थांबतो! तो पुन्हा उघडून ‘सेंड’ करावा लागतो. आणि जड मेल मध्येच अडकून बसला असेल, तर मुद्दाम ऑफलाइन व्हा, तो ओढून ‘ड्राफ्ट्स’मध्ये टाका, अटॅचमेंट हलकी करा, मग पुन्हा ऑनलाइन.

पासवर्ड बरोबर, तरी ‘पासवर्ड द्या’

सध्याची सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी तक्रार ही. वर्षानुवर्षं चाललेला थंडरबर्ड किंवा जुना आउटलुक एके दिवशी पासवर्ड मागायला लागतो. तुम्ही टाइप करता, तो पुन्हा मागतो. पुन्हा टाइप, पुन्हा मागणी. पासवर्ड चुकलेला नसतो, पद्धतच बदललेली असते. बाहेरच्या प्रोग्रामने नुसता पासवर्ड देऊन आत शिरायची सोय गुगलने साध्या जीमेल अकाउंटसाठी ३० मे २०२२पासून बंद करायला घेतली. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या अकाउंटसाठी १ ऑक्टोबर २०२२पासून, आणि हॉटमेल-आउटलुक डॉट कॉमसारख्या घरगुती अकाउंटसाठी १६ सप्टेंबर २०२४पासून तेच केलं.

उपाय? थंडरबर्डच्या ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये ‘सर्व्हर सेटिंग्ज’ उघडा आणि ऑथेंटिकेशनची पद्धत ‘ओऑथ २’ करा. ब्राउजरसारखी खिडकी उघडेल, तिथे लॉगइन करा, झालं. फक्त एक लक्षात ठेवा : येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचे सर्व्हर वेगवेगळे असतात. लोक पहिल्याचं सेटिंग बदलतात, दुसऱ्याचं विसरतात आणि मग ‘मेल येतात पण जात नाहीत’ म्हणून फोन करतात. तुमचा प्रोग्राम इतका म्हातारा असेल की त्याला ओऑथ माहीतच नाही, तर जीमेलपुरता एक मार्ग आहे. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ‘अॅप पासवर्ड’ घ्यायचा आणि नेहमीच्या पासवर्डच्या जागी तो टाकायचा.

मेल राहतो कुठे?

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट. तिचे बाबा रिटायर झाल्यावर टायपिंग शिकले आणि रोज सकाळी तिला एक मेल करायला लागले. दोन-तीन ओळींचाच. आज आंब्याला मोहोर आला. शेजारच्या काकूंनी विचारलं तुला. डबा नेतेस ना? ती वाचायची आणि कामाला लागायची, उत्तर कधी द्यायची, कधी नाही. बाबा गेले. काही महिन्यांनी तिचा लॅपटॉप रडतखडत चालायला लागला, म्हणून दुरुस्तीला दिला. ‘‘मेल काय, सर्व्हरवर असतातच,’’ असं म्हणत दुकानातल्या मुलाने डिस्क फॉरमॅट केली. तिनेही मान डोलावली होती.

सर्व्हरवर काही नव्हतं. अकाउंट ‘पॉप’ पद्धतीने जोडलेलं होतं. पॉप म्हणजे मेल सर्व्हरवरून उचलून तुमच्या कॉम्प्युटरवर आणून ठेवायचा आणि सर्व्हरवरचा पुसून टाकायचा. ‘सर्व्हरवर कॉपी ठेवा’ अशी एक चौकोनी खूण असते, ती केलेली नव्हती. सगळे मेल एका फाइलमध्ये होते. तिने भावाला फॉरवर्ड केलेले तेवढे अकरा मेल उरले.

म्हणून हे पाच मिनिटं काढून आजच बघा. आउटलुकमध्ये ‘फाइल’, मग ‘अकाउंट सेटिंग्ज’, मग ‘डेटा फाइल्स’. तिथे फाइलचं नाव आणि पत्ता दिसेल. शेवटी ‘ओएसटी’ असेल तर ती सर्व्हरवरच्या मेलची कॉपी आहे. बिघडली तर पुन्हा बनवता येते. ‘पीएसटी’ असेल तर मात्र ती फाइल हीच तुमची मूळ प्रत असू शकते. फरक एका अक्षराचा! आउटलुक बंद करून तिची कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर ठेवा. चालू पीएसटी वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर ठेवू नका, ती खराब व्हायची शक्यता वाढते.

पीएसटीचं पोट फुटतं हेही खरं. आउटलुक २००२पर्यंत तिची मर्यादा २ जीबी होती; त्यापलीकडे गेली की फाइल रुसायची. २००३मध्ये नव्या फॉरमॅटबरोबर ती २० जीबी झाली, २०१०पासून ५० जीबी. फाइल उघडतच नसेल तर ‘स्कॅनपीएसटी’ नावाचं दुरुस्तीचं अवजार आउटलुकबरोबरच येतं. आधी फाइलची कॉपी करा, मगच ते चालवा. कधी कधी दोन-तीनदा चालवावं लागतं. सापडलेले अनाथ मेल ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये येऊन पडतात.

थंडरबर्डवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथे डिलीट केलेला मेल यादीतून जातो, पण फोल्डरच्या फाइलमधून लगेच जात नाही. ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच जागा मोकळी होते. आणि यादीत मेल दिसतोय पण उघडल्यावर भलताच निघतोय, असं झालं तर फोल्डरवर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘रिपेअर फोल्डर’.

आउटलुक उघडायलाच चहा संपेपर्यंत वेळ लागतो? ‘कंट्रोल’ बटण दाबून धरा आणि आयकॉनवर क्लिक करा. ‘सेफ मोडमध्ये उघडू का?’ असं विचारेल, हो म्हणा. तसा तो सुसाट चालला, तर दोष अॅड-इनचा. कधीकाळी टाकलेले ते पाहुणे ‘ऑप्शन्स’मधल्या ‘अॅड-इन्स’मध्ये जाऊन एकेक करून घालवा.

जुने मराठी मेल उघडले की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते? दोन शक्यता. एन्कोडिंग चुकलं असेल, तर ते ‘युनिकोड यूटीएफ-८’ करा, मजकूर सरळ होईल. पण मेल युनिकोडच्या आधीच्या एखाद्या खास फॉन्टमध्ये लिहिलेला असेल, तर एन्कोडिंग बदलून काही होणार नाही. तोच फॉन्ट हवा किंवा कन्व्हर्टर.

जाता जाता, माझी लाडकी युक्ती. आउटलुकच्या ‘रूल्स’मध्ये पाठवायच्या मेलसाठी नियम करून प्रत्येक मेल दोन मिनिटं उशिरा जाईल अशी सोय करता येते. चुकीच्या पत्त्यावर गेलेला, अटॅचमेंट विसरलेला, बॉसवर चिडून लिहिलेला मेल तेवढ्यात पकडता येतो. मात्र ही दोन मिनिटं आउटलुक चालू असावं लागतं. तेव्हा आउटबॉक्ससमोरचा ‘१’ गेला की मगच लॅपटॉप बंद. ६.४२ चुकली तर ६.४८ आहेच.